स्वातंत्र्याची किंमत आणि आत्याच्या नावाला लागलेला कंस

द्राक्षबागेतली (११ ऑगस्ट, रात्री ११:५०)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी नाशिकला टीवायला आहे. गंगापूर रोडला पीजीत राहते, गाव निफाड तालुक्यातलं. पंधरा ऑगस्टला कॉलेजात पाच मिनिटं बोलायचंय. विषय सरांनी दिला: स्वातंत्र्याचा अर्थ आणि त्याची किंमत. मागे एका वक्तृत्व स्पर्धेत नंबर आला होता, तेव्हापासून सगळी भाषणं माझ्याच गळ्यात पडतात.

नाशिकमध्ये राहून या विषयाला मुद्दे कमी पडायचं कारण नाही, असं वाटलं. अनंत कान्हेरे मैदानावरून कितीदा तरी जाणं होतं. सकाळी तिथं लोक चालायला येतात, पोरं क्रिकेट खेळतात, रणजीच्या मॅचही होतात. अर्धं नाशिक त्याला अजून गोल्फ क्लबच म्हणतं, मीही तेच म्हणायचे. आता वाचायला बसले तेव्हा कळलं की कान्हेरे जेमतेम अठराचे होते. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सनची बदली झाली म्हणून त्याच्यासाठी नाटक ठेवलेलं, तिथं गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी, सोबत कर्वे आणि देशपांडे. चार महिन्यांत सगळा निकाल. माझा धाकटा भाऊ अठराचा आहे. त्याचा ओला टॉवेल अजून आई उचलते.

हे भाषणात छान बसतं. पण लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं आणि वाटलं, हे तर मी पाचवीतही बोलले होते. त्यांनी किंमत मोजली, आपण उपभोगतो, जय हिंद.

मग दुसरंच काहीतरी डोक्यात आलं आणि ते जाईना. भाषणात बोलता येईल असं वाटत नाही, म्हणून इथं लिहिते.

मी बारावी झाले त्या जूनमध्ये आमच्या घरात हक्कसोड झाली, म्हणजे आत्याने जमिनीतला आपला हक्क कागदावर सोडला. आजोबा गेल्यावर वारस नोंदीत पप्पांचं आणि आत्याचं अशी दोन नावं सातबाऱ्यावर लागली होती. त्या वर्षी गारपिटीने बाग झोपलेली. पप्पांनी आत्याला फोनवर सांगितलं, पोरीला नाशिकला ठेवायचं तर कर्ज काढावं लागेल आणि बँकेला उतारा मोकळा पाहिजे. आत्या चांदवड तालुक्यात दिलेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने हजर.

रजिस्टर ऑफिसात मीही गेले होते, म्हटलं बघू काय असतं. आधी कॅमेऱ्यासमोर फोटो, मग अंगठा. आत्याचा अंगठा काही मशीनवर उठेना. पंचवीस-तीस वर्षं कांदे काटून बोटांवरच्या रेघाच झिजलेल्या. लाल दिवा. पुन्हा लाल दिवा. तिथला मुलगा म्हणाला, "मावशी, केसांना घासा जरा." तिने खरंच भांगावरून अंगठा फिरवला. नाही. पदराने पुसला. नाही. मग माझ्याच बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन त्यात बुडवला. मागे रांग खोळंबलेली, कुणीतरी च्यक च्यक केलं. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट कसंबसं लागलं आणि हिरवा दिवा आला, तर सगळ्यांत जास्त आनंद आत्यालाच. "झालं बाई एकदाचं!" जणू तीच चुकली होती आणि आता सुटली.

पप्पांनी तिला साडी घेतली. बाहेर रसवंतीवर रस प्यालो. मला फुल ग्लास, तिने हाफ सांगितला.

त्या कर्जातून माझी पहिल्या वर्षाची फी आणि पीजीचं डिपॉझिट गेलं. मी वहीत हिशोब ठेवते. पीजीचे साडेपाच हजार, मेसचे अडीच, झेरॉक्स, बसचा पास, सगळं. मला वाटायचं माझ्या मोकळेपणाची किंमत ती एवढीच. मोकळेपणा म्हणजे तरी काय, आमच्या पीजीचं गेट रात्री नऊला बंद होतं आणि आत येताना रजिस्टरवर सही लागते. तरी गावाच्या मानाने चैनच.

गेल्या आठवड्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सातबारा काढला. पहिल्यांदाच नीट बघितला. आत्याच्या नावाला कंस झालाय, म्हणजे नाव कमी झालंय.

तर मंडळी, सुटका एकाची होते आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं, असं तुमच्या घरात झालंय का? आणि हे भाषणात बोलू का?

---

रविवार कारंजा (१२ ऑगस्ट, सकाळी ७:१५)

हाफ ग्लास वाचून थांबलो. बिनधास्त बोला.

अवांतर: त्या रात्रीचं नाटक संगीत शारदा होतं. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेल्या पोरीची गोष्ट स्टेजवर चालू आणि खाली गोळ्या. यावर पाच मिनिटं आरामात निघतील.

---

सिडको चौथी स्कीम (१२ ऑगस्ट, सकाळी ८:०२)

त्या नाटकामुळेच पुढे शारदा कायदा आला ना?

---

जुना नाशिककर (१२ ऑगस्ट, सकाळी ९:३०)

नाही हो, हा घोळ नेहमीचा आहे. कायदा हरबिलास सारडा यांच्या नावावरून ओळखला जातो. १९२९ चा, लागू झाला १ एप्रिल १९३० ला. लग्नाचं किमान वय मुलीचं १४, मुलाचं १८. देवलांचं नाटक त्याच्या तीसेक वर्षं आधीचं. नावं जुळली एवढंच.

धागाकर्ती, आणखी एक बघा. जॅक्सनला लोक पंडित जॅक्सन म्हणायचे. संस्कृतचा अभ्यासक माणूस, इथल्या लोकांत मिसळणारा. पण बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तो खटला सेशनकडे पाठवला यानेच. आमच्या लहानपणी यावर ओट्यावर भांडणं व्हायची, चांगला होता की वाईट होता. माझ्या वडिलांचं म्हणणं, चांगला होता म्हणून तर जास्त राग. वाईट माणसाच्या राज्यात राहतोय हे तरी मनाला पटवता येतं.

आत्याबद्दल मला बोलायला तोंड नाही. आमच्याकडे तीन बहिणींच्या सह्या एकाच दिवशी घेतल्या. जेवण मात्र पुरणपोळीचं होतं.

---

पूर्व दरवाजा (१२ ऑगस्ट, दुपारी १:२०)

हा आयडी का घेतला ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

काळाराम मंदिराला चार दिशांना चार दरवाजे आहेत. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला तेव्हा चारही बंद केले गेले आणि चारही दारांसमोर माणसं बसली. बाबासाहेबांचं नेतृत्व, इथली सगळी जुळवाजुळव दादासाहेब गायकवाडांकडे. आमचे पणजोबा दिंडोरी तालुक्यातून पायी आले होते, ते पूर्वेच्या दारापाशी बसायचे. घरात तेवढंच सांगितलं जायचं.

तारखा शेजारी ठेवून बघा. २ मार्चला नाशिकची माणसं देवळाच्या दारात बसली आणि १२ मार्चला गांधीजी दांडीला निघाले. एकाच महिन्यात दोन ठिकाणी लोक स्वातंत्र्य मागत होते. एकीकडे समोर इंग्रज होता, दुसरीकडे समोर गाववाले होते. रामनवमीला रथ ओढायला मिळेल असं ठरलं होतं, तर रथ पळवून नेला आणि वर दगड खाल्ले. शाळेत मला पहिली गोष्ट शिकवली, दुसरी घरी कळली.

सत्याग्रह पाच वर्षांच्या आसपास चालला. दार उघडलं नाही. बाबासाहेबांनी १९३४ मध्येच दादासाहेबांना पत्रातून कळवलं होतं की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून आपण हे आंदोलन केलेलं नाही, त्यांना जागं करायचं होतं. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा. येवलाही आपल्याच जिल्ह्यातलं. म्हणजे दार बंद ठेवणाऱ्यांनी काय कमावलं ते त्यांचं त्यांना माहीत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. पणजोबा दारापाशी बसले तेव्हा गावाने आमच्या घराचं काम बंद केलं. शेतावर कुणी बोलवेना, दुकानदार उधार देईना. घरात पाच खाणारी तोंडं. पणजी पहाटे बांधावरचं गवत कापून भारा डोक्यावर घ्यायची आणि नाशिकला टांगेवाल्यांना विकून संध्याकाळी परत. दिंडोरीकडून नाशिक किती लांब आहे ते इथल्यांना सांगायला नको. हे मला आजीने सांगितलं, तेही तिच्या शेवटच्या वर्षी, आणि तेही मी खोदून विचारलं म्हणून. पणजोबांचा फोटो हॉलमध्ये आहे, हार घातलेला. पणजीचा फोटोच नाही.

मी स्वतः त्या देवळात एकदा गेलो. पूर्वेच्या दारानेच गेलो मुद्दाम. काही फार वाटलं नाही. प्रदक्षिणा घातली, बाहेर येऊन चहा प्यालो. बायको म्हणाली, एवढ्यासाठी? मी म्हटलं, हो, एवढ्यासाठीच.

---

द्राक्षबागेतली (१२ ऑगस्ट, दुपारी २:०५)

दादा, पणजीची गोष्ट मी भाषणात सांगू का? नाव न घेता.

---

पूर्व दरवाजा (१२ ऑगस्ट, दुपारी २:११)

सांगा की. नाव तसंही मला माहीत नाही. आजी नुसतं 'आई' म्हणायची.

---

मिसावाल्याचा मुलगा (१२ ऑगस्ट, दुपारी ४:४०)

आणीबाणीत वडील नाशिकरोड जेलात होते. आता मानधन मिळतं, समारंभात शाल मिळते. आईला काय मिळालं विचारलं तर म्हणते, तेवढे महिने घोरणं ऐकू आलं नाही.

---

गावठी वकील (१२ ऑगस्ट, रात्री ९:१०)

धागा चांगला चाललाय, त्यात कायदा घुसवतो, माफी असावी.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगी वडिलांच्या मिळकतीत वारस होतीच. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला, पण आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून, लग्न झालेलं असो वा नसो. आणि ११ ऑगस्ट २०२० ला, म्हणजे तुम्ही धागा काढलात त्याच तारखेला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ ला वडील हयात असले-नसले तरी मुलीचा हक्क तोच. तेव्हा आत्याचं नाव उताऱ्यावर लागलं ते कुणाच्या मेहरबानीने नाही.

हक्कसोडपत्र नोंदवलेलंच लागतं. एकदा झालं की मनात आलं म्हणून फिरवता येत नाही. फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो आणि त्यालाही मुदत असते.

आता जरा कडू लागेल. शेतजमिनीवर कर्ज काढायला सहहिस्सेदाराने कागदावर सही दिली, तारणात सामील झाला, तर साधारणपणे भागतं. त्यासाठी हक्क सोडायलाच पाहिजे असं नसतं.

---

द्राक्षबागेतली (१२ ऑगस्ट, रात्री ९:३२)

म्हणजे पप्पा खोटं बोलले?

---

गावठी वकील (१२ ऑगस्ट, रात्री ९:५०)

असं मी म्हणत नाही. बँकवाल्यांनाही एक नाव सोपं जातं, तेच सुचवतात बरेचदा. वीस वर्षांत माझ्याकडे जेवढ्या हक्कसोडी आल्या, त्यांत प्रत्येक वेळी काहीतरी कारण होतं. विहीर, ठिबक, पोरीचं लग्न, पोराचं डोनेशन. कारण खोटं नसतं. फक्त ते बहिणीच्या सहीनेच सुटणारं असतं.

---

ओझरकर (१३ ऑगस्ट, सकाळी ६:५५)

सगळे बापाला धोपटायला बसलात म्हणून लिहितो. द्राक्षबाग करून बघा एकदा. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, मध्ये औषधं, मजूर, थिनिंग, डिपिंग, आणि माल काढायला आला की एका रात्रीत आभाळ फाटतं. आजोबांचं आजारपण कुणी काढलं? आत्याचं लग्न, बाळंतपणं, दिवाळी-आखाजी कुणी केली? दीड-दोन एकरात बहिणीचा हिस्सा काढला तर दोघांचंही भागत नाही. कायदा मुंबई-दिल्लीत बसून लिहायला सोपा आहे.

---

उन्हाळ कांदा (१३ ऑगस्ट, सकाळी ८:२०)

ओझरकर दादा, तुकडे भावाभावात पडतात तेव्हा भागतं का? तेव्हा कुणी म्हणत नाही की धाकट्याने हक्क सोडावा, त्याला साडी घेऊ.

बाकी बागेचं सगळं मान्य. मी पण शेतकऱ्याचीच.

द्राक्षबागेतली, तुला एक विचारते, राग मानू नको. आत्याचं झालं ते झालं. उद्या तुझा टॉवेलवाला भाऊ तुझ्याकडे हक्कसोड मागेल, तेव्हा तू काय करशील?

---

सिडको चौथी स्कीम (१३ ऑगस्ट, सकाळी ८:४४)

बाप रे. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

जुना नाशिककर (१३ ऑगस्ट, सकाळी ९:००)

सिडको, पोरीचं घर आहे ते, सिनेमा नाही.

---

द्राक्षबागेतली (१४ ऑगस्ट, रात्री १०:३०)

दोन दिवस काही लिहिलं नाही कारण सुचत नव्हतं.

पप्पांना फोन केला. सरळ विचारायची हिंमत झाली नाही. म्हटलं, बँकेने आत्याची नुसती सही घेतली असती तर चाललं नसतं का? ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला आता हे कुणी शिकवलं?" मग म्हणाले, ब्लोअर चालू ठेवून आलोय, नंतर बोलू. नंतर काही फोन आला नाही.

मला त्यांचा राग येत नाहीये, हीच पंचाईत आहे. मला माहितीये ते पहाटे चारला उठून फवारतात. माझ्या मैत्रिणींची लग्नं झाली, एकीला मूल आहे, आणि मला घरात आजवर कुणी स्थळाचं नाव काढलेलं नाही. ते पप्पांमुळेच.

उन्हाळ कांदा ताई, तुमचा प्रश्न भावालाच विचारला, गंमतीत. म्हटलं, उद्या माझ्याकडे सही मागशील का रे? तो मोबाईलवर होता. वर न बघता म्हणाला, "तू देशीलच की. आत्याने नाही का दिली."

त्याने अगदी सहज म्हटलं हो. त्याच्या मनात काही नव्हतं.

---

उन्हाळ कांदा (१४ ऑगस्ट, रात्री ११:०५)

मनात काही नव्हतं, तेच तर अवघड आहे बये. मनात असतं तर भांडता आलं असतं.

---

द्राक्षबागेतली (१७ ऑगस्ट, रात्री ११:१५)

भाषण झालं. कान्हेरे घेतले, काळाराम घेतलं, पणजीचा गवताचा भारा घेतला. तिथं हॉलमध्ये एकदम शांत झालं, पूर्व दरवाजा दादा, मुद्दाम सांगते. आत्याला घेतलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं, पण पुढच्या रांगेत आमच्या गावची दोन पोरं बसलेली दिसली आणि गिळलं. सरांनी नंतर सांगितलं, चांगलं झालं, शेवटी जरा जोश हवा होता.

आता खरं सांगायचं ते वेगळंच.

शनिवारी आत्या डोळे दाखवायला नाशिकला आली. अर्ध्या तिकिटाचं तिला अजून अप्रूप आहे, उतरल्या उतरल्या तिकीटच दाखवलं. डॉक्टरकडे उशीर झाला, शेवटची गाडी गेली, म्हणून तिला पीजीवर आणलं. काकूंनी एका रात्रीची परवानगी दिली.

वाटेत रिक्षात मी विचारून टाकलं. म्हटलं, आत्या, त्या दिवशी अंगठा दिलास तेव्हा तुला कळलं होतं का की न देताही कर्ज झालं असतं?

ती माझ्याकडे बघायला लागली. "आगं, मला म्हाईत नव्हतं व्हय? आमच्या गल्लीतल्या वकिलीणबाईनं आदल्याच दिवशी सांगितलं होतं, सही दे, हक्क नको सोडू म्हणून."

मग का दिलास?

"तुझ्या बापानं उतारा मोकळा पाहिजे म्हटल्यावर मी काय तिथं उभी राहून त्याला खोटं पाडू? आन् तू हुतीस ना शेजारी. बाटली धरून."

मग बराच वेळ गप्प होती. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा म्हणाली, "मला वाटलं व्हतं मशीनच नाय म्हणंल. चार येळा लाल दिवा लागला. म्हटलं, बरंय, आपल्याला नाय म्हणायची गरज नाय. पण तुझ्या त्या झाकणातल्या पाण्यानं..." आणि हसायला लागली. मला काही हसता आलं नाही.

पीजीवर पोचलो तर नऊला पाच कमी. काकू कुलूप हातात घेऊन उभ्या. आत्या आत आली, मागे गेट लागलं, साखळी खडखडली. तिने वळून बघितलं. "रोज लावत्यात?" रोज. "आन् मी समद्यांना सांगती, आमची पोर नाशिकला मोकळी ऱ्हाती."

पाहुण्यांच्या रजिस्टरवर तिने सही केली. अंगठा नाही, सही. तिला लिहिता येतं, सातवी शिकलीय, फक्त त्या मशीनला अंगठाच लागतो. सावकाश, एकेक अक्षर सुटं. मी खांद्यावरून बघत होते. नावापुढे तिने मामांचं नाव लिहिलं नाही, आजोबांचं लिहिलं, आणि आमचं आडनाव. काकू म्हणाल्या, ताई, आधार कार्डावर वेगळं दिसतंय. आत्या म्हणाली, "आसू द्या. हितं कोण बघतंय."

---

पूर्व दरवाजा (१८ ऑगस्ट, सकाळी ७:४०)

भाषणाचं सांगितलंत, बरं वाटलं. घरी वाचून दाखवलं. आता आजीच्या माहेरच्या कुणाला तरी विचारून पणजीचं नाव शोधतोय.

---

ओझरकर (१८ ऑगस्ट, सकाळी ८:१५)

वाचलं. काल बहिणीला फोन केला. विशेष काही बोललो नाही.

---

गावठी वकील (१८ ऑगस्ट, सकाळी १०:००)

एक व्यवहाराचं सांगतो. आत्यांचे ठसे उठत नसतील तर आधार केंद्रात जाऊन बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, बुबुळांचंही नव्याने घेतील. नाहीतर रेशनला अन् बँकेतही अडतं. कांद्याचं काम करणाऱ्यांना हा त्रास फार. चार-आठ दिवस हाताला काम नसताना जायचं, आणि आदल्या रात्री खोबरेल लावायचं.

---

द्राक्षबागेतली (१८ ऑगस्ट, सकाळी १०:२०)

रेशनला अडतंच तिचं. दर महिन्याला मामांना पाठवते. या सुट्टीत नेते तिला.